बंदूकवाल्यांशीं सरकारनें बोलावें काय ?



आमच्या गांवीं मारुतीच्या पारावर संध्याकाळीं वर्तमानपत्र वाचण्याची जुनी चाल आहे. वाचणारा बहुधा मीच असतों. ऐकणारांत कुणबी असतात, सुतार-लोहार असतात, आणि कामावरून परतलेला एखादा रोजगारीही असतो. २०२५ सालच्या उन्हाळ्यांत बातमी आली कीं, माओवादी पक्षानें सरकारशीं बोलणीं करण्याची तयारी दाखविली आहे. त्यावर केंद्र सरकारचें म्हणणें पडलें कीं, आधीं शस्त्रें टाका आणि शरण या. बातमी वाचून होते न होते तोंच पारावर दोन तट पडले.

आमच्या गांवच्या एका कुंभाराचा मुलगा केंद्राच्या राखीव पोलीस दलांत आहे. बाराखडी तो माझ्याच हाताखालीं शिकला. त्याच्या बापास आम्ही आबा म्हणतों. आबा म्हणाले, "गुरुजी, ज्यांनी सुरुंग पेरून पोरं उडवली, त्यांच्यासंगं सरकारनं एका सतरंजीवर बसायचं? मग आमच्या पोरांनी मरायचं कशापायी?" आबांची मंडळी पाणी घेऊन जातां जातां थांबली होती. ती म्हणाली, "बसा न्हाईतर उभं ऱ्हावा. पर बोलायचं आसंल तर लवकर बोला. पोरगं पेटीत घालून घरी आल्यावर बोलून काय करायचं?"

पारावर कोणीच पुढें बोलेना. मींही त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. नवराबायको दोघेंही खरें बोलत होतीं, आणि दोन खऱ्या गोष्टी एकमेकींवर आदळल्या म्हणजे शहाण्यानें थोडें थांबावें. तेव्हांपासून जें मिळालें तें वाचलें, मनाशीं पडताळून पाहिलें, आणि आतां उत्तर लिहितों आहें.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. सरकारनें बंदूकवाल्यांशीं बोलावें. पण सगळ्यांशीं नव्हे, आणि कसेंही नव्हे. ज्या बंदुकीमागें रयतेचें खरें दुःख उभें आहे, तिच्याशीं बोलल्यावांचून सुटका नाहीं. आणि बंदुकीशीं बोलण्याची पाळी ज्या सरकारावर येते, त्यानें बहुतकरून आधीं एक साधा अर्ज केराच्या टोपलींत टाकलेला असतो. हें मी हवेंत बोलत नाहीं. आपल्याच देशांत घडलेली एक गोष्ट सांगतों. ती नीट ऐका, म्हणजे पुढचें सोपें होईल.

देशाच्या ईशान्येस, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीला लागून, मिझो लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. आज तें मिझोराम राज्य आहे. त्या काळीं तो आसामांतला एक जिल्हा होता. लोक शेतकरी. उतारावरचा झाडोरा तोडावयाचा, वाळवून जाळावयाचा, आणि त्या राखेंत भात पेरावयाचें. पुढील सालीं दुसरा उतार. कोंकणांत अशा शेतीस कुमरी म्हणत, तिकडे झूम म्हणतात. ह्या डोंगरांत बांबूचीं बनें अफाट. त्यांतला एक बांबू सुमारें ४८ वर्षांनीं एकदां सगळा एकदम फुलतो, बीं धरतो आणि मरतो. तें बीं खाऊन उंदरांची वीण बेसुमार वाढते. बीं संपलें कीं उंदीर भातावर आणि कणग्यांवर तुटून पडतात. उभें पीक बघतां बघतां नाहींसें होतें. मिझो लोक ह्या दुष्काळास मावताम म्हणतात. कळक फुलला कीं दुष्काळ येतो, असें आपल्याकडेही जुनीं माणसें बोलतात. कोणा बुरुडास विचारून पाहा. तिकडे मात्र ती नुसती म्हण नव्हे, भोगलेली गोष्ट आहे.

मागचा मोठा फुलोरा १९११ च्या सुमारास आला होता. म्हणून पुढचा कधीं येणार हें तेथील म्हाताऱ्या माणसांनीं बोटांवर मोजून ठेविलें होतें. १९५८ सालीं मिझो जिल्हा कौन्सिलानें आसाम सरकारकडे लेखी मागणी केली कीं, बांबू फुलण्याची वेळ आली आहे, दुष्काळ येणार, तयारीसाठीं १५ लाख रुपये द्या. हा झाला अर्ज. त्यांत राज्य मागितलेलें नव्हतें, झेंडा मागितलेला नव्हता. मागितलें होतें तें येणाऱ्या दुष्काळांत पोटाला धान्य. पण बांबू फुलल्यानें दुष्काळ येतो ही डोंगरी लोकांची भोळी समजूत, असें मानून सरकारनें ती मागणी नामंजूर केली.

१९५९ सालीं बांबू फुलला. उंदीर आले. पीक गेलें. माणसें रानांतलीं कंदमुळें खणून खाऊं लागलीं. मग सरकारी मदत निघाली, ती उशिरां आणि अपुरी. बैल गेला आणि झोंपा केला! त्या काळांत मिझो तरुणांनीं एक मंडळ काढलें आणि दूरदूरच्या गांवीं धान्य पोंचविलें. त्या मंडळाचें नांव मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट, म्हणजे दुष्काळनिवारणाची मिझो आघाडी. तिचा पुढारी लालडेंगा. हा पूर्वी पलटणींत हवालदार होता आणि पुढें जिल्हा कौन्सिलांत कारकुनी करीत होता. आपल्या गांवांतही असा माणूस असतो : चार अक्षरें शिकलेला, लोकांचे कागद लिहून देणारा, कचेरीचे उंबरे झिजविणारा.

१९६० सालीं आसाम सरकारनें आसामी ही राज्याची भाषा ठरविली. जखमेवर मीठ पडलें. १९६१ च्या ऑक्टोबरांत त्या आघाडीच्या नांवांतला 'दुष्काळ' एवढा एकच शब्द गळला आणि मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. आतां मागणी धान्याची राहिली नव्हती. ती स्वतंत्र देशाची झाली होती.

१९६६ च्या फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्रीं त्या लोकांनीं ऐझॉल, लुंगलेई वगैरे ठिकाणच्या सरकारी ठाण्यांवर हल्ले चढविले, ऐझॉलचा खजिना लुटला, आणि १ मार्च रोजीं स्वातंत्र्य पुकारलें. सरकारनें फौज धाडली; इतकेंच नव्हे, ५ मार्चपासून आपल्याच विमानांनीं आपल्याच देशांतील ऐझॉल शहरावर गोळीबार केला, बाँब टाकले. बाजारपेठ जळाली. त्या दिवशीं बाजारांत कोण होतें?  सुक्याबरोबर ओलेंही जळतें म्हणतात. येथें पुष्कळसें ओलेंच जळालें.

पुढचा भाग शेतकऱ्यांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा. बंडखोरांस गांवकरी धान्य देतात, म्हणून गांवेंच उठवावींत असें सरकारनें ठरविलें. इंग्रजांनीं मलायांत ही युक्ति केली होती. १९६७ पासून पुढील तीन-चार वर्षांत पांचशेंहून अधिक गांवें उठविलीं आणि तेथील माणसें रस्त्याकडेच्या शंभरांवर ठाण्यांत, कुंपणाच्या आंत, नेऊन बसविलीं. मागें राहिलेलीं घरें आणि कणग्या जाळून टाकल्या, बंडखोरांच्या हातीं धान्य लागूं नये म्हणून. ज्या घराचे वासे बापानें तासले, ज्या कणगींत आईनें पुढच्या सालाचें बियाणें राखलें, तीं डोळ्यांदेखत पेटलीं. ठाण्यांतून शेत दूर. जाण्यास परवाना, येण्याची वेळ बांधलेली. झूमचें भात तर रात्रींबेरात्रीं राखावें लागतें, नाहींतर डुकरें व पाखरें फस्त करितात. शेती बसली. जो शेतकरी काल आपल्या हातचें खात होता, तो आज हातांत थाळी घेऊन सरकारी तांदळाच्या रांगेंत उभा राहिला.

बंडखोरांचे हातही स्वच्छ नव्हते. खबऱ्या म्हणून संशय आला कीं आपल्याच भाऊबंदास गोळी घालीत. रात्रीं येऊन धान्य आणि वर्गणी मागत. नाहीं म्हणण्याची कोणाची छाती! १९७५ च्या जानेवारींत ऐझॉलच्या कचेरींत शिरून त्यांनीं पोलिसांचे तीन बडे अधिकारी बैठकींतच ठार केले. त्या तिघांनाही घरेंदारें होतींच. सारांश, दिवसां एक बंदूक आणि रात्रीं दुसरी. दोहोंच्या मध्यें कणगीवाला. लढाईच्या गोष्टी ऐकतांना ह्या मधल्या माणसाकडे पाहण्यास विसरूं नका. कारण लढाई कोठेंही झाली तरी तो माणूस आपल्याच जातीचा असतो. त्याची जात एकच, कष्टकऱ्याची.

असें वीस वर्षें चाललें. फौजेनें बंड दाबलें, पण मोडलें नाहीं. बंडखोरांनीं फौजेस दमविलें, पण हटविलें नाहीं. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानचा बांगला देश झाला आणि बंडखोरांचा तिकडचा आसरा तुटला. लालडेंगा पाकिस्तानांत व पुढें युरोपांत गेला. इकडे १९७२ सालीं सरकारनें मिझोराम आसामांतून काढून केंद्राच्या ताब्यांतला वेगळा प्रदेश केला. दोघांनाही उमगलें कीं, नुसत्या बंदुकीनें हें संपणार नाहीं.

बोलणीं सुरू झालीं, पण एका बैठकींत कांहीं साधलें नाहीं. १९७६ सालीं दिल्लींत पहिला करार झाला. मिझोराम हिंदुस्थानांतच राहील, शस्त्रें जमा होतील, असें लालडेंगानें कबूल केलें. पण तो करार कागदावरच राहिला. पुन्हां बोलणीं, पुन्हां मोडलीं. १९७९ सालीं लालडेंगास अटक झाली. पुन्हां बोलणीं. १९८२ सालीं तींही फिसकटलीं आणि तो देशाबाहेर गेला. १९८४ च्या ऑक्टोबरांत तो परत आला. ह्या सगळ्या काळांत मिझो समाजांतले धर्मोपदेशक आणि साधे लोक दोन्ही बाजूंस सारखे सांगत होते, आतां पुरे करा. अखेर ३० जून १९८६ रोजीं करारावर सह्या झाल्या. केंद्राच्या वतीनें सही केली ती गृहसचिव राम प्रधान यांनीं. हे आपल्या महाराष्ट्राचे मुख्य सचिव राहिलेले, यशवंतराव चव्हाणांच्या हाताखालीं संरक्षण खात्यांत काम केलेले अधिकारी. त्यांच्या नोकरीचा तोच अखेरचा दिवस होता. जातां जातां एक मराठी माणूस वीस वर्षांचें रण मिटवून गेला, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाहीं. ती सांगितली पाहिजे.

त्या करारांत काय होतें? बंडखोरांनीं शस्त्रें जमा करावींत व घटना मानावी. मिझोरामास पूर्ण राज्याचा दर्जा मिळावा. मिझो लोकांचा धर्म, चालीरीती आणि जमिनीची मालकी ह्यांविषयीं संसदेनें केलेला कायदा तेथील विधानसभेच्या संमतीवांचून लागूं होऊं नये. आणि जें कलम मला सर्वांत मोलाचें वाटतें तें हें कीं, मेलेल्यांच्या वारसांस रक्कम, नासलेल्या पिकांची व पडलेल्या घरांची भरपाई, आणि फौजेनें वापरलेल्या घरांचें व जमिनीचें भाडें देण्याचें त्यांत नमूद होतें. दोन बंदूकवाले बसले, पण मधला कणगीवाला त्या कागदावर आला.

त्या वेळचे मुख्यमंत्री लालथनहावला यांनीं आपली खुर्ची सोडून लालडेंगास बसविलें आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. खुर्चीसाठीं भाऊ भावाचा गळा धरतो अशा ह्या देशांत ही लहान गोष्ट नव्हे. २० फेब्रुवारी १९८७ रोजीं मिझोराम राज्य झालें. लालडेंगाच्या पक्षानें निवडणूक जिंकली. पुढें १९८८ सालीं आमदार फुटून त्याचें सरकार पडलें आणि १९८९ च्या निवडणुकींत त्याचा पक्ष हरला. तेव्हां काय झालें? ते पुन्हां डोंगरांत गेले नाहींत. विरोधी बाकांवर बसले. माझ्या मतें तह त्या दिवशीं पुरा झाला.

आणि गोष्टीचा शेवट ऐका. २००७ च्या सुमारास बांबू पुन्हां फुलला. त्या वेळीं मुख्यमंत्री होते झोरमथांगा, म्हणजे लालडेंगाचे जुने सोबती, एके काळचे बंडखोर. ह्या वेळीं सरकार आधींपासून जागें होतें. तयारीची योजना केलेली होती, मारलेल्या उंदरांच्या शेपट्या विकत घेतल्या जात होत्या. पिकें तरीही गेलीं, लोकांचे हाल झाले. तें मी झांकीत नाहीं. पण ह्या खेपेस बंदूक निघाली नाहीं. उंदीर तेच, बांबू तोच. फरक एवढाच कीं, ह्या वेळीं म्हाताऱ्यांचें म्हणणें कोणीतरी ऐकलें होतें.

आतां आबांच्या प्रश्नाकडे येतों. त्यांचे आक्षेप तीन आहेत आणि तिन्ही भारी आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, बंदूकवाल्यास बोलावून खुर्ची दिली तर दुसरेही बंदूक घेतील. ह्यांत तथ्य आहे. मिझोरामांतच हमार नांवाच्या लहान जमातीचें समाधान त्या करारानें झालें नाहीं; त्यांच्यांतूनही हत्यारबंद चळवळ निघाली आणि सरकारास १९९४ सालीं त्यांच्याशीं वेगळा करार करावा लागला. पण नीट पाहा, मिझो बंडखोरांस काय मिळालें? त्यांनीं मागितला होता स्वतंत्र देश. तो मिळाला नाहीं. मिळालें तें वेगळें राज्य, जमिनीची शाश्वती, भरपाई. ह्यांतलें एकही असें नव्हतें कीं जें अर्ज करणारास, बंदूक नसतांना, देतां आलें नसतें. लोक बंदूक घ्यायला शिकतात तें बोलण्यामुळें नव्हे. बिनबंदुकीच्या माणसाशीं कोणी बोलत नाहीं म्हणून शिकतात. तेव्हां ह्या आक्षेपाचें औषध बोलणें बंद करणें हें नसून, अर्ज वेळेवर वाचणें हें आहे.

दुसरा आक्षेप, ते दगा देतील. देतीलही. म्हणून करार लेखी असावा, शस्त्रें मोजून घ्यावींत, मुदत बांधावी. पण एकदां मोडलें म्हणून उठून जाऊं नये. १९७६ चा करार फसला म्हणून दिल्लीनें कायमचें दार लावलें असतें, तर १९८६ उजाडलें नसतें. उलट उदाहरणही आहे. २००४ च्या ऑक्टोबरांत आंध्र सरकार आणि नक्षलवादी हैदराबादेस समोरासमोर बसले. बंदुका घेऊन गांवांत फिरावें कीं नाहीं ह्यावर घोडें अडलें, आणि पुढच्या जानेवारींत सगळें मोडलें. पुन्हां बैठक झाली नाहीं, आणि पुन्हां गोळीबार सुरू झाला. आपण बैलाची जोडी घ्यायला बाजारांत गेलों तर तीन वेळां उठतों आणि चार वेळां बसतों. माणसांच्या जिवाचा व्यवहार एका बैठकींत कसा होईल?

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण : सांडलेल्या रक्ताचें काय? १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्र दिनींच, गडचिरोली जिल्ह्यांत जांभुळखेड्याजवळ सुरुंग उडून १५ पोलीस आणि त्यांचा गाडीवान ठार झाले. त्यांच्या घरच्यांस मी कोणत्या तोंडानें सांगूं कीं क्षमा करा? मी सांगत नाहीं. क्षमा करणें त्यांच्या हातीं, सरकारच्या हातीं नव्हे, माझ्या तर मुळींच नव्हे. पण सरकारचें काम सूड घेणें हें नसून, सोळाच्या जागीं सतरावा जाऊं न देणें हें आहे. आबा, तुमचा मुलगा कशापायीं उभा आहे असें तुम्ही विचारलेंत. तो उभा आहे तो लढाई संपावी म्हणून. ती बोलून संपली तर त्याचें उभें राहणें फुकट जात नाहीं. उलट तेंच फळास येतें. मिझो डोंगरांत फौज नसती तर लालडेंगा स्वतंत्र देशावरून राज्यावर आला नसता, हेंही मी कबूल करितों. शिपाई दार राखतो. पण त्या दारांतून आंत जाऊन बोलण्याचें काम राज्यकर्त्यांचें आहे. तें त्यांनीं केलें नाहीं, तर शिपाई जन्मभर दारांत उभा राहतो आणि एक दिवस तेथेंच पडतो.

आतां कोणाशीं बोलूं नये तें सांगतों. २४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून दिल्लीस येणारें आपलें विमान दहशतवाद्यांनीं पळविलें आणि अफगाणिस्तानांत कंदाहारास नेलें. एका उतारूचा जीव घेतला. आठ दिवसांनीं, ३१ डिसेंबरला, सरकारनें तुरुंगांतले तीन दहशतवादी सोडून उतारूंची सुटका केली. उतारूंच्या घरच्यांनीं आकांत केला होता. त्यांस मी नांव ठेवीत नाहीं. माझें पोर त्या विमानांत असतें तर मींही तेंच ओरडलों असतों. पण जें झालें तें बोलणें नव्हे. गळ्यावर सुरी ठेवून केलेली वसुली होती. सुटलेल्यांपैकीं मसूद अझहर यानें २००० सालीं जैश-ए-महंमद ही टोळी काढली. त्याच टोळीनें २०१९ च्या फेब्रुवारींत पुलवामा येथील स्फोटाची जबाबदारी घेतली. त्यांत राखीव दलाचे ४० जवान गेले. दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलखांतले. १९९९ चें देणें कोणीं फेडलें तें पाहा.

मिझो बंडखोर आणि हे विमान पळविणारे ह्यांत भेद कसा करावा? मी तीन प्रश्न विचारतों. ह्या बंदुकीमागें कोणत्या रयतेचें कोणतें दुःख आहे? त्याची मागणी अशी आहे काय कीं जी साध्या अर्जदारासही कायद्यानें देतां यावी? आणि बोलणें कशासाठीं चाललें आहे, लढाई संपविण्यासाठीं कीं एक ओलीस सोडवून घेण्यासाठीं? तिन्ही प्रश्नांस नीट उत्तर मिळालें तर बोलावें. पहिल्यास उत्तर आहे पण पुढारी हट्टी आहेत, तर पुढाऱ्यांस बाजूस ठेवून त्या रयतेशीं तरी बोलावेंच. आणि एकाही प्रश्नास उत्तर नसेल, तर तेथें पोलीस आणि न्यायकोर्ट हेंच खरें.

गडचिरोलीच्या जंगलालाही हेंच लावून पाहा. २०२५ च्या ऑक्टोबरांत माओवाद्यांचा एक बडा पुढारी सुमारें ६० साथीदारांसह तेथें शरण आला. चांगलें झालें. बंदुका आल्या त्या मोजतां येतात. पण त्या बंदुकांमागें आदिवासीचें जें दुःख होतें, जंगल कोणाचें, बांबू कोणाचा, तेंदूपानाला भाव काय, त्याची मोजणी कोण करणार? त्याच जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा म्हणून एक गोंड गांव आहे. तेथील लोकांनीं बंदूक घेतली नाहीं. ग्रामसभा भरविली, कायदा वाचला, अर्जामागून अर्ज केले. २००९ सालीं त्या गांवास आपल्या जंगलावरचा सामुदायिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्याचा परवाना अडकून पडला होता. २०११ सालीं केंद्राचे वनमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री त्या गांवीं आले आणि परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. बोलणें करावें तर तें असें, आणि इतक्या आधीं करावें. मिझो डोंगरांत बांबूचा अर्ज फेंकला, तेथें वीस वर्षें रण पेटलें. मेंढ्याच्या बांबूच्या अर्जास उत्तर मिळालें, तेथें ग्रामसभा आपला बांबू विकूं लागली.

शेवटीं आपल्याविषयीं दोन शब्द. मी गांवांतले पुष्कळ अर्ज लिहितों. डुकरांनीं नासलेल्या भुईमुगाचे, विहिरीच्या अनुदानाचे, म्हातारीच्या पेन्शनीचे. एका अर्जास तीन वर्षें झालीं. कचेरीचें नांव सांगत नाहीं, तें महत्त्वाचें नाहीं. पोंच आहे, उत्तर नाहीं. तो अर्जदार मोठा सोशिक माणूस. पण त्याचा धाकटा मुलगा परवां मला म्हणाला, "गुरुजी, तुमच्या अर्जानं काय हुणार न्हाई, तिथं दगडच पायजे." त्या पोरास मीं रागें भरलों. पण रात्रीं झोंप आली नाहीं. १९५८ सालीं ऐझॉलांतही कोणी मास्तरानें कोणा पोरास असेंच रागें भरलें असेल.

म्हणून सरकारास माझें मागणें एवढेंच कीं, दारांतल्या अर्जदारास आधीं उत्तर द्या. नाहीं म्हणायचें असेल तर नाहीं म्हणा, पण लिहून म्हणा. आणि बंधुभगिनींनो, तुमच्यापाशीं मागणें असें कीं, घरांत बसून लांबच्या लढाईस टाळ्या पिटूं नका. तेथें मरणारीं पोरें तुमच्याच घरचीं आहेत, दोन्हीकडचीं. अर्ज करा, नक्कल ठेवा, पोंच घ्या, ग्रामसभेंत उभे राहून उत्तर मागा. दगड उचलूं नका, पण गप्पही बसूं नका.

आबांना माझें उत्तर सांगून झालें. त्यांच्या मंडळीस माझ्याकडे निराळें उत्तर नाहीं. ती म्हणाली तेंच खरें : बोलायचें तर लवकर बोला.

— एक खेडवळ शाळामास्तर